काळ्या साडीचं वाण

संक्रांतीला शेजारीण मला दिल्लीतल्या द्वारकेत तिच्या ओळखीच्या एका बाईंकडे हळदीकुंकवाला घेऊन गेली. कोळशाच्या सरकारी ऑफिसातून रिटायर झालेल्या त्या बाईंनी वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात कोळशाचा खडा ठेवला. खड्यात सोनेरी रेघ चमकत होती.

"सोनं नाही गं, पायराइट. दलदलीत झाडं कुजत होती, तिथे समुद्र शिरला. त्याचं गंधक आणि चिखलातलं लोखंड, जंतूंनी जमवून दिलं."

"म्हणजे स्थळच आणलं," शेजारीण म्हणाली. हसून हसून आमच्या मुठीतला तिळगूळ सांडला.

पदर सावरत बाई म्हणाल्या, "ऑफिसात या रेघेला खोट म्हणायचे. जळताना घाण वास येतो ना. पण संक्रांतीच्या काळ्या साडीला जरीचा काठ नको का?"

परतताना मेट्रोच्या तपासणीत शिपायाने खडा उचलला. "ये क्या है, मैडम?"

"साडी," शेजारीण गंभीरपणे म्हणाली.