'ओडोण बर्री'ची पळापळ

पळताना बोलता येत नाही. मी वकील आहे, त्यामुळं पळण्यातला हा सगळ्यात मोठा तोटा मला पहिल्याच दिवशी कळला! छाती भात्यासारखी चाललेली असते, तोंडातनं शब्द फुटत नाही, आणि बोलण्यासारखं काहीतरी घडतं ते नेमकं तेव्हाच. मग ते सगळं पोटात साठतं आणि पळून झाल्यावर सप्तापूरच्या चहावाल्याकडं एकदम बाहेर पडतं. आमच्या ग्रुपचे किस्से असे चहाच्या कपागणिक वाढत गेले. आता इतके झालेत, की नवीन माणूस आला की त्याला आधी पळवायचं की आधी किस्से ऐकवायचे, यावरच वाद होतो.

ग्रुपचं नाव 'ओडोण बर्री'. आमच्या धारवाडी कानडीत याचा अर्थ 'चला, पळूया'. नाव ठेवलं हिरेमठ सरांनी. सर शाळेत पीटी शिकवायचे. ते रिटायर झाले, त्यांचा आवाज अजून झालेला नाही! मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. रागावले की मात्र कानडीत शिरतात, आणि मग ज्याला जसं जमेल तसं त्यानं पळायचं.

* * *

माझ्यापासूनच सुरुवात करते.

बीपी वाढलं, डॉक्टर रागावले, म्हणून मी एका सकाळी युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. अंगात पंजाबी ड्रेस, पायात कोर्टातले काळे बूट. सरांनी बुटांकडं पाहिलं. समोरचा लाईटचा खांब दाखवून म्हणाले, "वकीलबाई, तिथपर्यंत पळा. सावकाश."

मी अर्ध्या वाटेतच कमरेवर हात ठेवून थांबले. डोळ्यांपुढं काजवे!

"सर, आज तयारी नाही. सोमवारपासून नक्की सुरू करते."

सर शांतपणे म्हणाले, "बाई, हे कोर्ट नव्हे. इथं पुढची तारीख मिळत नाही. पुढचा खांब मिळतो!"

* * *

बाळूशेठचं कापडाचं दुकान हुबळीच्या बाजारात, घर धारवाडात. दुकानात गादीवर बसून त्यांची शुगर आणि पोट दोन्ही वाढलेलं. पण माणूस हौशी. ग्रुपमध्ये आले, आणि दुसऱ्याच आठवड्यात "सर, रोजचा रस्ता मी ठरवतो" म्हणाले.

सरांना कौतुक वाटलं. नवीन माणूस जबाबदारी घेतोय!

मग आम्ही रोज बाळूशेठच्या रस्त्यानं पळू लागलो. सुरुवातीला ते सगळ्यांच्या मागं असायचे, पण शेवटच्या वळणानंतर असे सुटायचे की कॉलेजची पोरंसुद्धा मागं पडावीत. सर खूश. "बघा, फिनिश कसा आहे!"

तीन महिन्यांनी शुगर तपासली. खाली यायच्या ऐवजी वर गेलेली!

दुसऱ्या दिवशी सर मुद्दाम बाळूशेठच्या पुढं पळाले आणि शेवटचं वळण घेऊन बघतात तर काय, समोर पेढ्याचं दुकान. मालक शटर वर करून, हातात कागदावर गरम पेढा घेऊन, बाळूशेठची वाट बघत उभा!

सर जे कानडीत शिरले ते चहा संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. रस्ता बदलला. आता आम्ही केळगेरी तळ्याकडं पळतो. तिथं पेढा काय, शेंगदाणासुद्धा मिळत नाही.

पुढच्या वेळी शुगर अशी उतरली की डॉक्टर चष्मा काढून बघायला लागले. "शेठ, कुणी गोळ्या बदलून दिल्या काय?"

बाळूशेठ अभिमानानं म्हणाले, "गोळ्या त्याच आहेत डॉक्टर. रस्ता बदलला!"

* * *

महेश आमच्यातला तरुण. तारिहाळला एका कारखान्यात इंजिनीअर. त्याच्या हातात एक घड्याळ आहे, ते नाडी मोजतं, वेग मोजतं आणि इंग्रजीत बोलतंही. बाईच्या आवाजात! "कम ऑन! यू कॅन डू इट!"

महेशची आई, सुमनअक्का. एकुलता एक मुलगा, लग्नाचं वय झालेलं, स्थळं बघणं चालू. आणि रोज पहाटे दाराच्या फटीतनं त्यांना ऐकू येतं, की अंगणात कुणीतरी पोरगी आपल्या मुलाला लाडीगोडीनं काहीतरी म्हणतेय. दार उघडून बघावं तर मुलगा एकटाच, पळत फाटकाबाहेर!

त्यांनी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी चपला घालून त्याच्या मागं निघाल्या. पदर खोचलेला, रागाचा जोर, त्यामुळं चालता चालता कधी पळायला लागल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. थेट तळ्यापर्यंत आल्या. आम्ही सगळे हात-पाय ताणत उभे.

"कुठं आहे ती?" अक्कांनी विचारलं.

महेशनं मनगट पुढं केलं. घड्याळ म्हणालं, "एक्सलंट! न्यू रेकॉर्ड!"

अक्का घड्याळाकडं बघतच राहिल्या. मग दम खात म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे रे. पण बोलते फार!"

सरांनी तिथल्या तिथं त्यांना ग्रुपात घेतलं. घरापासून तळ्यापर्यंत न थांबता येणारं माणूस ते असं सोडतात होय!

* * *

एका रविवारी महेशनं टूम काढली, "आपण पळत पळत माझ्या कारखान्यापर्यंत जाऊ." हुबळीच्या बाहेर गाड्या लावल्या आणि निघालो. ऊन वर आलं. पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं घेतल्यात.

कारखान्याचं फाटक दिसलं आणि बाळूशेठचा संयम संपला. आम्हा सगळ्यांना मागं टाकून, दोन्ही हात वर करून, ते ओरडत सुटले, "नीरु! नीरु!"

कानडीत नीरु म्हणजे पाणी. आता रविवारची शांत सकाळ, घामानं भिजलेला एक जाडजूड माणूस 'पाणी पाणी' करत फाटकाकडं धावतोय, त्याच्या मागं आणखी दहा-बाराजण जिवाच्या आकांतानं पळतायत. वॉचमननं काय समजावं?

त्यानं आगीची घंटा बडवली! आतनं दोघं जाड पाइप ओढत आले. महेश लांबनं "नको, नको" ओरडेपर्यंत पाणी सुटलंसुद्धा, आणि ते सरळ बाळूशेठच्या छातीवर!

बाळूशेठ खाली बसले. डोक्यावरनं पाणी निथळतंय, एका बुटाचा पत्ता नाही.

"अरे बाबा," ते वॉचमनला म्हणाले, "तहान लागली होती. अभिषेक नव्हता सांगितला!"

* * *

आमचे हे, म्हणजे अविनाश, वर्षभर मला सोडायला येत होते. मला उतरवायचं, सीट मागं पाडायची आणि मी परत येईपर्यंत झोपायचं. "तू पळ, मी गाडी सांभाळतो," असं म्हणायचे. जशी गाडीच पळून जाणार होती!

एकदा आम्ही रायापूरकडनं परत आलो, तर हे गाडीबाहेर उभे. चेहरा उतरलेला. गाणी लावून झोपले होते, बॅटरी संपली. गाडी मरून पडलेली.

सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता! "सगळे मागं या. आज खांद्याचा व्यायाम राहिलाच होता."

ढकलायला लागलो. हे स्टिअरिंगवर. चढ आला. सुमनअक्का म्हणाल्या, "साहेब खाली उतरले तर तेवढंच वजन कमी होईल." हे ओशाळून उतरले, एका हातानं स्टिअरिंग धरून ढकलायला लागले. चढ संपला, उतार लागला, गाडी सुटली. आणि सुटली ती यांना रस्त्यावर ठेवून! महेशनं आत उडी मारली, क्लच सोडून इंजिन चालू केलं म्हणून बरं. गाडी पुढं, हे मागं, "अरे थांब! थांब!" करत चांगले फर्लांगभर धावले.

गाडीपाशी पोचले तेव्हा धापा टाकत होते. सर घड्याळ बघून म्हणाले, "अविनाशराव, पहिल्या दिवसाच्या मानानं फार चांगलं. उद्या बूट घालून या!"

आले हो! तेव्हापासून गाडी घरीच झोपते.

* * *

तळ्याभोवती रिले शर्यत होती. चौघांची टीम, प्रत्येकानं एक फेरी मारायची आणि हातातली दांडी पुढच्याला द्यायची. सरांनी नावं सांगितली. महेश, मी, बाळूशेठ आणि शेवटी सुमनअक्का.

"सर, शेवटी मी?" अक्का घाबरल्या.

"शेवटी तुम्हीच," सर म्हणाले. कारण सांगितलं नाही.

महिनाभर त्यांनी आम्हाला पळवलं कमी आणि दांडी द्यायला-घ्यायला जास्त शिकवलं. दांडी नव्हती म्हणून अक्कांनी घरचं लाटणं आणलं. मागं न बघता हात मागं करायचा, लाटणं तळव्यावर बसलं की मूठ मिटायची. पुन्हा. पुन्हा! "पळणं ज्याच्या त्याच्या पायात असतं," सर म्हणायचे, "पण देणं-घेणं दोघांच्या हातात असतं."

शर्यतीच्या दिवशी आमच्या शेजारी एका जिमची पोरं होती. एकसारखे टी-शर्ट, दंडाच्या बेटकुळ्या. त्यातला एकजण अक्कांना नम्रपणे म्हणाला, "आजी, बघणाऱ्यांसाठी खुर्च्या तिकडं आहेत." अक्कांनी पदर तेवढा घट्ट खोचला.

महेशनं आम्हाला पुढं काढलं, मी ते सगळं घालवलं. खोटं कशाला बोलू! बाळूशेठ दात-ओठ खाऊन पळाले, पण जिमवाले चांगले पन्नास-साठ पावलं पुढं होते. त्यांचा तिसरा गडी शेवटच्याला दांडी द्यायला आला, ऐटीत, हात उंच करून. शेवटच्यानं ती न बघताच ओढली. दांडी निसटली, घरंगळली आणि बांधावरनं खाली, थेट तळ्याकाठच्या चिखलात!

ते पोरगं खाली उतरून ती शोधतंय तेवढ्यात बाळूशेठ आले. अक्का समोर बघत उभ्या, हात मागं. दांडी तळव्यावर बसली, मूठ मिटली. सुटल्या!

मागनं ते पोरगं दांडी उचलून वाऱ्यासारखं आलं. अंतर कमी होत गेलं. आम्ही बांधावरनं समांतर पळत ओरडतोय, "अक्का, ओड्री! पळा, ओड्री!" आमचे हे माझ्यापेक्षा मोठ्यांदा. बाळूशेठ तर देवाला नवस बोलत होते, आणि तोही पेढ्यांचा! शेवटच्या दहा पावलांत दोघं बरोबरीला आले. अक्कांनी छाती पुढं काढली आणि हातभर अंतरानं फीत तोडली.

आम्ही त्यांना उचललंच. सर एका बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. म्हणे, धूळ गेली.

ते जिमचं पोरगं चांगल्या मनाचं. येऊन पाया पडलं. म्हणालं, "आजी, आमची दांडी पडली. तुमची कशी नाही पडली?"

अक्का म्हणाल्या, "बाळा, उभा जन्म लाटणं धरलंय. ते हातातनं पडत नसतं!"

* * *

मागच्या वर्षी सरांना हार्ट अटॅक आला. सरांना! आम्ही सगळे हादरलो. दोन दिवसांत बायपास झालं. डॉक्टर म्हणाले, "शरीर कमावलेलं होतं म्हणून निभावलं." आम्ही पाळीपाळीनं दवाखान्यात डबा न्यायला लागलो, त्यामुळं पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ऑपरेशननंतर पेशंटला वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चालवतात. टाके दुखू नयेत म्हणून छातीशी उशी धरून, हळूहळू. सर एकटे चालतील तर शपथ! तीन-चार दिवसांत त्यांनी बाकीच्या पेशंटांना गोळा केलं. संध्याकाळ झाली, की छातीशी उशा धरलेली ती रांग व्हरांड्यातनं निघायची. सिस्टर कौतुकानं बघत उभ्या राहायच्या.

फक्त व्हरांड्यालगतच्या एका खोलीतले नाईकअण्णा उठत नसत. रेल्वेत गार्ड होते, हुबळीतच आयुष्य गेलं. ऑपरेशन उत्तम झालेलं, पण भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. सिस्टर सांगून थकल्या, छातीत कफ धरेल म्हणून डॉक्टर रागावले. मुलगी तर हात जोडायची, "बाबा, दोन पावलं तरी चाला." त्यांचं एकच उत्तर, "चालून कुठं जायचंय मला?"

त्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तर रांग व्हरांड्यात उभी, आणि हलतच नव्हती. सर सगळ्यात पुढं, अण्णांच्या दाराच्या अलीकडं.

"सर, काय झालं? चला की," सिस्टर म्हणाल्या.

"सिग्नल नाही," सर म्हणाले. अगदी शाळेच्या मैदानावरच्या आवाजात.

"कसला सिग्नल?"

"ड्रायव्हर तयार आहे, डबे जोडलेत. पण गार्डानं हिरवं निशाण दाखवल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. नियम आहे!"

कुणी हसलं नाही. सगळे उशा धरून उभे. एका म्हाताऱ्या बाईंना सिस्टरनी खुर्ची पुढं केली, त्या मानेनंच नको म्हणाल्या. मुलगी दाराला पाठ लावून उभी, ओठ दाबून.

मग आत पलंग करकरला.

बऱ्याच वेळानं नाईकअण्णा दारात आले. एका हातानं छातीशी उशी धरलेली, दुसऱ्या हातात दवाखान्याचा हिरवा नॅपकिन. त्यांनी रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघितली. मग हात जमेल तेवढा वर केला आणि नॅपकिन हलवला.

रांग हलली.

मुलगी रडत रडत त्यांचा दंड धरायला धावली. सरांनी मागं वळून हाक मारली, "अण्णा, पुढं या! आज पहिला मान तुमचा."

अण्णांनी मुलीचा हात बाजूला केला. शेवटचा पेशंट समोरनं जाईपर्यंत थांबले, मग त्याच्या मागं पहिलं पाऊल टाकलं आणि म्हणाले,

"ओ मास्तर, गार्ड शेवटच्या डब्यात असतो. तुम्ही पुढं बघा!"