सुरुवात नसलेली कादंबरी

बसा, चहा येतोय. तोवर माझी फजिती ऐकून घ्या. ही माझ्याच तोंडून ऐकलेली बरी, कारण माझे बाबा सांगायला लागले की गोष्टीच्या शेवटी मी कलेक्टर झालेली असते.

साल २०१६. मी नववीत होते, गुजरातच्या सीमेलगत, उधव्याजवळच्या शाळेत. मराठीच्या बाईंची बदली झाली होती आणि नव्या बाई येणार, येणार म्हणत अर्धं वर्ष गेलं होतं. अशात डहाणूहून एका स्पर्धेचं पत्रक आलं. कुठलीही एक कादंबरी आपली आपण वाचायची, आपणच तिचा अभ्यास करायचा आणि परीक्षकांसमोर बोलायचं. मी हात वर केला. आमच्या घरात तोवर कुणी कादंबरी हातात धरलेली नव्हती, मीसुद्धा नाही. पण वर केलेला हात खाली कसा घेणार?

पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गणिताच्या सरांकडे असायची. त्यांनी आतलं सगळ्यात जाड पुस्तक काढून दिलं. त्याला खाकी कव्हर होतं, वर पेनाने नाव लिहिलेलं, आणि सुरुवातीची एक-दोन पानं गळून गेलेली.

"सर, हिचा अभ्यास कसा करू?"

"गणितासारखाच. सुटेपर्यंत सोडायचं नाही. आणि कव्हर काढू नको, शाळेची वस्तू आहे."

घरी येऊन वाचायला बसले. पहिलंच वाक्य असं होतं: 'त्या प्रकारानंतर आबा घरात कुणाशीच बोलले नाहीत.'

कुठला प्रकार? पुढे असेल म्हणून पानं उलटत गेले. पुढे घरातल्या मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली, मग ते लग्न मोडलं, मग शेताची वाटणी झाली. प्रत्येक जण 'तो प्रकार' आठवून रडतो, भांडतो, नाहीतर जेवणावरून उठून जातो. पण तो प्रकार काय होता हे एक माणूस सांगेल तर शपथ! पुस्तक संपलं तरी आबा गप्पच.

मला वाटलं, आपलंच काहीतरी वाचायचं राहिलं. पुन्हा वाचलं. अडलेले शब्द सरांना विचारायचे, आणि त्यांनाही अडले तर आम्ही दोघं मिळून अंदाज करायचो. घरी आईला रोज थोडी गोष्ट सांगायचे. ती भाकऱ्या थापता थापता ऐकायची.

"पण म्हातारा बोलत का नाय?" आई म्हणायची.

"लेखकाने लिहिलं नाही."

"विसरला असंल."

बाबा म्हणाले, "लकवा असंल. तोंडावरून वारा गेला की असंच होतं."

माझ्या डोक्यात मात्र एके दिवशी उजेड पडला. लेखक विसरला नव्हता, त्याने ते मुद्दामच सांगितलं नव्हतं. आयुष्यात तरी कुठल्या गोष्टीची सुरुवात आपल्याला माहीत असते? या विचाराने मी इतकी खूश झाले की शेळ्यांना पाणी पाजायचं राहून गेलं. आईची बोलणी खाल्ली, पण तत्त्वज्ञान हाती लागलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी बाबांनी चिकूच्या वाडीतलं काम बुडवलं. जीपने तलासरी, तिथून एसटीने डहाणू. सभागृहात शहरातल्या शाळांची मुलं, त्यांचे शिक्षक, पुढे तीन परीक्षक. मधल्या परीक्षक एक निवृत्त शिक्षिका होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. बाबा सगळ्यात मागच्या रांगेत ताठ बसले होते, जणू फोटो काढायचाय.

माझं नाव पुकारलं. मी गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "या कादंबरीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिला सुरुवातच नाही."

सभागृह शांत झालं. मला वाटलं, जिंकलं. मग माझी गाडी कुठली थांबते? लेखकाचं धाडस, वाचकावरचा विश्वास, न सांगण्यातली ताकद, सगळं बोलून घेतलं. दोन शिक्षक चक्क लिहून घेत होते. मधल्या परीक्षक बाई मात्र चष्मा पुसत होत्या.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तू पहिला भाग वाचलास का?"

"हो मॅडम, पुन्हा पुन्हा वाचलाय."

"मग त्यात तो प्रकार आहे ना?"

"नाही मॅडम. पहिल्या भागात लग्नाची बोलणी आहेत."

"ती दुसऱ्या भागात."

"दुसऱ्या भागात लग्न मोडतं, मॅडम."

बाईंनी शेजारच्या परीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. मला बाईंची दया आली. वय झालंय, विसरल्या असतील, असं वाटून मी हळुवारपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही वाचून बरेच दिवस झाले असतील."

मागे कुणीतरी खोकल्यात हसू दाबलं.

"पुस्तक आणलंयस?"

मी दिलं. बाईंनी खाकी कव्हर सोडवलं आणि पुस्तकाची पाठ माझ्यासमोर धरली. कादंबरीचं नाव, आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'भाग दुसरा'.

आता काय सांगू? ज्या धाडसाबद्दल मी लेखकाची पाठ थोपटत होते, ते बिचाऱ्याने केलंच नव्हतं. त्याने तो प्रकार आधीच्या अख्ख्या पुस्तकात लिहून ठेवला होता. मागच्या रांगेतल्या बाबांकडे बघायची हिंमत होईना.

पण बाईंनी मला खाली बसवलं नाही. त्यांनी विचारलं, "बरं, पहिला भाग बाजूला ठेव. आबा का बोलत नाहीत, तुला काय वाटतं?"

हे मला पाठ करावं लागलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांना कुणी विचारतच नाही, मॅडम. घरातले सगळे आबांबद्दल बोलतात, आबांशी कुणीच बोलत नाही. धाकटी सून एकदा त्यांच्याजवळ बसून तांदूळ निवडते, तेव्हा ते तिच्या सुपातले खडे काढून देतात. तेच त्यांचं बोलणं. इतकं शोधूनही मला दुसरं सापडलं नाही."

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या.

माझा दुसरा नंबर आला. पहिला आला तो आपली कादंबरी पूर्ण वाचलेल्या मुलीचा, आणि त्यात अन्याय काहीच नव्हता. बक्षीस देताना बाई माईकवर म्हणाल्या, "हिने चूक फार अभ्यासपूर्वक केली आहे." लोक हसले, टाळ्याही वाजल्या. ढाल हातात घेताना मला रडू येत होतं आणि मान मात्र आपोआप वर जात होती.

परत येताना तलासरीहून उधव्याची जीप खचाखच भरलेली होती. ढाल बाबांच्या मांडीवर. शेजारी सीमेपलीकडची एक भाजीवाली बसली होती, तिने विचारलं, "आ शू छे?" झालं. बाबांनी अख्ख्या जीपला कहाणी ऐकवली. मी त्यांची बाही ओढत होते, पण ते थांबतात कुठले.

"पोरीने पुस्तक अर्धंच वाचलं," बाबा छाती काढून म्हणाले, "अर्धंच. तरी डहाणूत दुसरा नंबर. बाकीच्यांना आख्खं वाचावं लागलं."