जिएनबिंग आणि सासूबाईंचा डबा

सासूबाई नॉटिंगहॅमला आल्या आणि तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळच्या चहाबरोबर एकच वाक्य येऊ लागलं, "अगं, माझं तिकीट बघ." सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या बसून राहू नयेत म्हणून नवऱ्याने त्यांना सहा महिन्यांसाठी इथे आणलं होतं. तो हॉस्पिटलमध्ये, मी लॅपटॉपसमोर आणि त्या खिडकीशी, शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या बिनांवर पहारा देत. धड जेवतही नव्हत्या. असंच परत पाठवलं तर तिथेही खिडकीशीच बसतील, याची मला भीती वाटायची.

एका शनिवारी मी त्यांना जवळजवळ ओढूनच मार्केटमध्ये नेलं. बाहेरचं काही खाणार नाही, हे त्यांनी चपला घालतानाच जाहीर केलं होतं. पण एका स्टॉलपाशी त्या थबकल्या. त्यांच्याच वयाची एक चिनी बाई मोठ्या गोल तव्यावर पीठ ओतून लाकडी पट्टीने भराभर पसरवत होती. सासूबाईंनी वास घेतला.

"मुगाचं धिरडं आहे हे."

"आई, याला जिएनबिंग म्हणतात. चीनमध्ये लोक सकाळी कामावर जाताना रस्त्यात घेऊन खातात."

"म्हणू देत. धिरडंच आहे."

स्टॉलच्या पाटीवर इतिहासही लिहिला होता. फार पूर्वी म्हणे एका सैन्याची स्वयंपाकाची भांडी हरवली, तेव्हा सेनापतीने ढाली विस्तवावर ठेवून त्यांवर पीठ पसरायला सांगितलं. मी हे मराठीत सांगितलं.

"भांडी हरवली आणि पीठ बरं राहिलं," सासूबाई म्हणाल्या. "बांधाबांध कुणी केली होती?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरातल्या प्रत्येक हरवलेल्या भांड्याचा संशय माझ्यावर असतो.

पंचाईत अंड्याची होती. त्या धिरड्यावर अंडं फोडतातच. मी "नो एग" म्हटल्यावर बाईने तसं तोंड केलं, जसं आपल्याकडे कुणी बिनडाळीची पुरणपोळी मागितली तर आपण करू. सासूबाईंनी बोटाच्या खुणेनेच तवा पुसून घ्यायला सांगितलं. बाईने निमूट पुसला. मग पीठ, तीळ, कांद्याची पात, कोथिंबीर, गोडसर काळा सॉस, लाल तिखट आणि मध्ये एक कुरकुरीत तळलेली पापडी. घडी घालून, दोन तुकडे करून कागदात दिलं. सासूबाईंनी ते उभ्याउभ्या, माझ्या वाट्याच्या तुकड्यासकट संपवलं.

"आलं कमी आहे," म्हणाल्या.

आलं अजिबातच नव्हतं. संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, तर त्याने विचारलं, "पण यात मंचुरियन कुठेय?" पुण्यातल्या लाल हातगाडीपलीकडे चीन आहे यावर त्याचा अजूनही पूर्ण विश्वास नाही.

पुढच्या शनिवारी सासूबाई आपणहून तयार झाल्या. पर्समध्ये स्टीलचा छोटा डबा, त्यात आलं-मिरचीचा ठेचा. "हे घाल म्हणावं तिला, सुधारेल जरा." बाईने बोटावर घेऊन चाखला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मान डोलावली आणि डबा ठेवून घेतला. त्यापुढच्या शनिवारी तो परत आला तो तिळाच्या वड्यांनी भरून. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही, आपोआप कळतं. तिच्याकडेही तसंच असावं. मग काय, इकडून चकल्या, तिकडून शेंगदाणे घातलेलं लाल तिखट, इकडून बेसनाचे लाडू. एकीला मराठी येतं, दुसरीला चिनी, तरी स्टॉलमागच्या स्टुलावर बसून दोघी तासभर बोलत. काय बोलत ते मला आजवर कळलेलं नाही. एकदा दोघींनी डोळे पुसलेले पाहिले. ठेचा त्या दिवशी नव्हता. सकाळचं ते तिकिटाचं वाक्य कधी बंद झालं, तेही माझ्या ध्यानात आलं नाही.

सहा महिने संपले. निघायच्या आधीच्या शनिवारी सासूबाईंनी डबा भरून शंकरपाळे नेऊन दिले आणि दोन दिवसांनी त्या पुण्याला गेल्या. घर एकदम मोठं झालं. बिनांकडे लक्ष द्यायलाही कुणी उरलं नाही.

पुढच्या शनिवारी मी एकटीच स्टॉलवर गेले आणि डबा मागितला. बाईने तो खालून काढला. भरलेला होता, झाकणावर रबर लावलेलं. मी हात पुढे केला, तर तिने डबा पुन्हा खाली ठेवला. तिच्या मोडक्या इंग्रजीचा अर्थ एवढाच होता, की तुला नाही, ज्यांचा आहे त्या आल्या की देईन.

घरी येऊन मी पुण्याला फोन लावला. झालेलं सांगितलं. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो सासूबाईंनी बंद केला.

"अगं," त्या म्हणाल्या, "माझं तिकीट बघ."