हौसानं पुसलेला खेळ

मांडवीच्या वरच्या आळीत हौसाचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. नळाला पाणी उशिरा आलं की ती आधी नळाला बोलायची, मग पाणी सोडणाऱ्याला आणि शेवटी रांगेत मधेच घुसलेल्या बाईला. देवरूखच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत ती वाढली. सातवीपर्यंत शाळा, मग भाताची लावणी, नाचणी, गुरं, आणि लग्न होऊन रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्या. नवरा गंगाराम परदेशी मालवाहू बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचं जेवण रांधणारा. वर्षातले दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. मूलबाळ नव्हतं. उरलेला काळ घरात हौसा आणि तिची सासू सुंदराबाई, दोघीच.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गंगाराम रजेवर आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत साड्यांच्या आणि साबणाच्या वड्यांच्या खाली एक यंत्र निघालं. पांढरं, तांबड्या काठाचं, एखाद्या डब्याएवढं. दोन वायरींना हातात धरून दाबायच्या दोन चपट्या कळा, वरून खोचायची खेळाची एक पट्टी. बोट दुरुस्तीसाठी जपानच्या एका बंदरात अडकून पडली होती, तिथं त्याला ह्या खेळाचा नाद लागला. आपली वीज त्या यंत्राला झेपत नाही म्हणून वीज उतरवणारा एक जड ठोकळाही त्यानं सोबत आणला होता. टीव्हीवर मात्र नुसत्या तिरक्या रेघा आल्या. मग रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या रावजीला बोलावलं. तो मागचं झाकण काढून अर्धा दिवस स्क्रू पिळत बसला, तेव्हा कुठं चित्र उमटलं. तेही थरथरत.

पडद्यावर वरून पाहिल्यासारखं एक जग होतं. डोंगर, रान, गावं, गुहा, आणि त्यात फिरणारा टीचभर माणूस. वाटेत राक्षस गाठायचे, त्यांच्याशी लढायचं, जगलं तर अंगात बळ यायचं. गावातली माणसं बोलायची, पण सगळं जपानी अक्षरात. गंगारामला त्यातली थोडी अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही.

"कुठं जायचं ते कोण सांगतच नाय," तो कौतुकानं म्हणायचा. "पायजे तिकडं जा. चुकलास की मेलास."

सकाळच्या चहाला तो खेळायला बसायचा तो जेवायला हाका मारूनही उठायचा नाही. दहा महिन्यांनी घरी आलेल्या माणसाची पाठ तेवढी हौसाला दिसायची. तरी ती गप्प राहिली. मे महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं, जनीचं लग्न होतं आणि गंगारामनं आपण चार दिवस आधी जाऊ म्हणून कबूल केलं होतं. चार दिवसांचे दोन झाले. दोनाचा एक झाला.

"तू हो पुढं," शेवटी तो म्हणाला. मान पडद्याकडेच. "मी संध्याकाळच्या गाडीनं येतंय."

तो आला नाही. संध्याकाळीही नाही, दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तेव्हाही नाही. हौसाचा बाप बाबाजी, थोरले जावई येतील म्हणून पुन्हा पुन्हा रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन येत होता. मांडवात जो भेटेल तो तेच विचारी. "पाव्हणे कुठं?" आणि हौसा सांगत राहिली, "ताप आलाय त्यांना. नुसते फणफणलेत." बापाला सांगितलं, जनीला सांगितलं, नवऱ्या मुलाच्या आईला सांगितलं. चुलतीनं तर जावयाच्या काढ्यासाठी गुळवेल तोडून पदरात बांधून दिली.

ती जुडी घेऊन हौसा परत आली. दारातून आत पाऊल टाकते तोच गंगाराम ओरडला, "अगो हौसा, पाचवं गाव सापडलं!"

तिनं गुळवेल त्याच्या मांडीवर फेकली. रजा संपेपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही, आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. निघताना त्यानं बजावलं, "ह्याला हात लावू नको हां. माजा खेळ आत राखलेला हाय."

दुसऱ्याच दिवशी दुपारी हौसानं यंत्र चालू केलं. कुठं दाबलं की राखलेला खेळ पुसला जातो हे तिला त्यानंच दाखवलं होतं, "इथं चुकून बोट पडलं तर मेलोच मी" असं म्हणत. तिनं तिथंच बोट ठेवलं. पाच गावं, पाच गावांतली हत्यारं, अख्ख्या रजेची कमाई गेली. तिला वाटलं होतं, फार बरं वाटेल. वाटलंही. पण तेवढ्यात यंत्रानं अक्षरांचा तक्ता पुढं केला. नव्या माणसाचं नाव मागत होतं ते. त्या तक्त्यात एक अक्षर अगदी मासे धरायच्या गळासारखं होतं. हौसानं तेच चारदा दाबलं. चार गळ. आणि तिचा माणूस रानात उभा राहिला.

पहिल्याच झुडपापाशी एका थेंबासारख्या बुळबुळीत प्राण्यानं त्याला मारलं. खेळातल्या राजासमोर जिवंत होऊन तो पुन्हा उभा राहिला तेव्हा राजा काहीतरी बोलला.

"तू नको शिकवूस मला!" हौसा पडद्यावर खेकसली. "स्वतः बसलायस खुर्चीत!"

दारात तांदूळ निवडत बसलेली सुंदराबाई म्हणाली, "कोणाशी भांडतंयस गो?"

"राजाशी."

"तुला काय बोलला?"

"ते कळतंय कुठं!"

असं ते सुरू झालं. हौसा रागानं खेळायची. मेली की राग वाढायचा, राग वाढला की पुन्हा खेळायची. वीज जायची तेव्हा तिच्या तोंडून निघालेले शब्द खालच्या आळीपर्यंत जात. सुंदराबाई आधी "घरात काम नाय काय?" म्हणून करवादली, मग सुपासकट आत सरकून बसली, मग सल्ले द्यायला लागली. तिला आयुष्यात कुठलंच अक्षर येत नव्हतं, त्यामुळे जपानी लिपीचं तिला वेगळं असं भय वाटलं नाही. "तो टोपीवाला म्हातारा आला की मागं फिर," ती म्हणायची, "गेल्या टायमाला त्यानंच झोपवलान तुला." कधी बरोबर निघायचं, कधी चूक. चुकलं की दोघी मिळून त्या म्हाताऱ्याला शिव्या घालत.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी हौसानं यंत्र लावलं आणि पडदा कोरा. माणूस नव्हता, राखलेलं काहीच नव्हतं. त्याच सकाळी सुंदराबाईनं ओल्या फडक्यानं यंत्राखालची फळी पुसली होती.

"तुम्हीच हात लावलात!" हौसा कडाडली. "कशाला पुसायला गेलात?"

"मी फळी पुसली. यंत्राला शिवले पण नाय."

"मग आपोआप गेलं काय?"

ती नको ते बोलून बसली. ज्या घरात सून राबते त्या घरात सगळे फक्त हात लावायलाच असतात, असं काहीसं. सुंदराबाईनं आपलं ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन जेवली. तेव्हापासून ती आत येईना, बोलेना.

हौसा धुसफुसत भांडी घासत होती, तेव्हा तिला गंगारामचा हात आठवला. यंत्र बंद करताना तो एका हातानं दुसरी एक छोटी कळ दाबून धरायचा आणि मगच बंद करायचा. तिला ते नेहमी देवाला हात लावून नमस्कार करण्यातला प्रकार वाटायचा. तिनं नवा माणूस सुरू केला, थोडा खेळ राखला, ती कळ दाबून धरून यंत्र बंद केलं, परत लावलं. माणूस जागच्या जागी. म्हणजे इतके दिवस तीच चुकीचं बंद करत होती, आणि नशिबानं खेळ टिकला होता.

तिला गंगारामचाच राग आला. हात लावू नको म्हणून बजावलं, पण हात लावायचा कसा ते सांगितलं नाही. मग ती बाहेरच्या खोलीत गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"आये, तुमची चूक नव्हती."

"मग कोणाची?"

"तुमच्या लेकाची."

म्हातारीनं वर बघितलं. "असायचीच," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

दुसऱ्या माणसालाही हौसानं चार गळच नाव दिलं. ह्या वेळी तो टिकला. त्याला सोबती मिळाले. मग एक जहाज मिळालं, आणि सगळा समुद्र मोकळा झाला. जहाजातून कुठल्याही किनाऱ्याला लागता येत होतं, आणि बहुतेक किनाऱ्यांवर मरण होतं. गंगाराम ज्या पाचव्या गावापर्यंत पोचला होता ते तर कधीच मागं पडलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात गंगाराम आला. बॅग ठेवली, पाय धुतले आणि यंत्र लावलं. मग पडद्याला नाक लावून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागला.

"शी... शी... शी... शी? हा कोण?"

"मी," हौसा म्हणाली.

त्या गळाचा उच्चार 'शी' होतो हे तिला तेव्हा कळलं. सुंदराबाई हसून हसून खोकायला लागली. गंगाराम हसला नाही.

"माजा खेळ कुठाय?"

"पुसला."

"कोणी?"

"मी. जनीच्या लग्नाला आला नाहीत म्हणून."

गंगारामच्या कपाळावर आठी आली. तो खरंच आठवत होता. "कुठलं लग्न?"

हौसाच्या हातात चहाचा कप होता. तिनं तो खाली ठेवला, कारण तो फेकला असता. "कुठलं लग्न," ती म्हणाली.

काही दिवस घरात नुसती धुसफुस. मग एका मंगळवारी सासू-सुना सुकी मासळी आणायला बाजारात गेल्या. परत आल्या तेव्हा गंगाराम पायरीवर बसून नखं काढत होता.

"फिट्टंफाट," तो म्हणाला.

हौसानं पिशवी टाकली, आत जाऊन यंत्र लावलं. चार गळ नव्हते. जहाज, सोबती, किनारे, सगळं पुसलेलं होतं. ती बाहेर आली.

"असं काय बघतंयस? खेळच तर हाय!"

"खेळच होता तर पुसलास कशाला?"

लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्याला अरे-तुरे केलं. आणि मग ती थांबेचना. "तुजा खेळ मी पुसला, का ते तोंडावर सांगितलं. तू काय केलंस? आम्ही बाजारात जायची वाट बघितलीस! बोटीवर परक्या माणसांना तीन टाईम रांधून घालतोस, ह्या घरात कधी चहाचं आधण ठेवलंयस? मी भर मांडवात तुज्यापायी खोटं बोलले. ज्यानं त्यानं विचारलं, ज्याला त्याला ताप सांगितला. आणि तू मला विचारतोस, कुठलं लग्न!" आळीतली दारं उघडली. नळावरच्या बायका घागरी तशाच ठेवून आल्या. गंगाराम "आत चल, आत चल" करत होता. ती आत गेली नाही. "बघू देत!" ती म्हणाली. "मी काय चोरून पुसलेलं नाय की लपवू!"

गंगारामनं आईकडं बघितलं. म्हातारी आपली बाजू घेईल असं त्याला वाटलं असावं.

सुंदराबाई म्हणाली, "गंग्या, त्या खेळात मी पण होते."

त्यानं नखं गोळा केली आणि मान खाली घालून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसानं दोन पिशव्या भरल्या. "देवरूखच्या गाडीनं निघायचं. माज्या बापाला तू सांगायचं, ताप नव्हता म्हणून."

तो गेला. दोघं गाडीनं देवरूखला उतरले, पुढं पायी डोंगर चढले. बाबाजी ओटीवर बसला होता. त्यानं पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. गंगारामनं तांब्या खाली ठेवला आणि सांगून टाकलं. "मामा, जनीच्या लग्नात मला ताप नव्हता. मी घरीच होतो. खेळत बसलो होतो."

बाबाजीनं पान चघळायचं थांबवलं. "म्हायती हाय मला."

"कसं?" हौसानं विचारलं.

"तुमच्याकडचा तो टीव्हीवाला, रावजी का कोण, देवरूखच्या बाजारात गाठ पडला. लग्न झालं त्याच आठवड्यात. सगळं सांगितलंन."

हौसा उभीच राहिली. "आणि मी आले की दर वेळी 'जावयाची तब्येत कशी' म्हणून विचारत होतात ते?"

"म्हटलं, सांगशील कधीतरी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक, आणि मी आपली तुमच्यासमोर खोटं बोलतेय! जनीला पण ठाऊक?"

बाबाजी पुन्हा पान चघळायला लागला. म्हणजे ठाऊक होतं.

"तुजं तोंड बघून नाय बोलवलं, पोरी."

तिला नवऱ्याचा आला नव्हता एवढा राग बापाचा आला. ती मागच्या परसात गेली, भिंतीला लावलेली कुऱ्हाड घेतली आणि जळणाची लाकडं फोडायला लागली. तिचं तोंड राखायला म्हणून सगळे गप्प बसले होते, आणि वर्षभर ती एकटीच वेड्यासारखी त्या तापाला राखत बसली होती. ढलप्या उडत होत्या. घरातलं कोणी परसात यायला धजलं नाही.

थोड्या वेळानं गंगाराम आला. "दे, मी फोडतो."

"नको."

तो मागं सरला. मग खाली वाकून तिनं फोडलेली लाकडं उचलायला लागला आणि पडवीत एकावर एक रचत राहिला.

रत्नागिरीला परत आल्यावर हौसानं तिसरा माणूस सुरू केला. गंगाराम उरलेल्या रजेत यंत्राला शिवला नाही. दुपारचं कालवण मात्र तो करायला लागला, आणि सुंदराबाई त्यात मीठ कमी म्हणून रोज बोलायची. मग तो बोटीवर गेला. त्या वर्षी दिवाळीला हौसा एकटीच माहेरी गेली, आणि तिथून जनीच्या सासरी फराळाला. जनीच्या सासूनं सगळ्यांसमोर विचारलं, "पाव्हणे नाय आले?"

"ते बोटीवर आहेत," हौसा म्हणाली. "आणि लग्नात घरी होते. खेळत होते. ताप नव्हता त्यांना. आणखी काय विचारायचं असेल तर आता विचारा."

जनीच्या सासूनं फराळाचं ताट पुढं केलं. हौसानं करंजी घेतली आणि रागारागानं खाल्ली.