तिच्या माहेरचं कुणी आलं का?

मालिकेतली ती बाई मेली त्या संध्याकाळी आत्या जेवल्या नाहीत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या माढ्याकडं सासूला आत्याच म्हणतात. सासरे गेल्यावर गावाकडचं घर बंद करून त्या आमच्याकडं सोलापुरात राहायला आल्या. नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, मी एका कॉलेजच्या लायब्ररीत. दिवसभर घरात त्या आणि टीव्ही.

मेलेली बाई मालिकेची नायिका नव्हती. नायकाची बायको होती, एवढंच. घरातल्या सगळ्यांचं करणारी, पोरीची वेणी घालता घालता नवऱ्याला दोन शब्द सुनावणारी. नायिका दुसरीच होती, नायकाच्या ऑफिसात नव्यानं आलेली. जाहिरातीत नायकाशेजारी तीच उभी असायची, त्यामुळं बायको फार दिवस टिकणार नाही हे आम्हाला कळायला हवं होतं. पोरीचं औषध आणायला ती बाहेर पडली आणि ट्रकखाली गेली. पुढच्या आठवड्यात नायिका त्या पोरीला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होती.

"तेराव्याची तरी वाट बघायची की," आत्या म्हणाल्या.

त्या मालिकेचे तुकडे मोबाईलवर येतात आणि खाली लोक आपापली मतं लिहितात. मी आत्यांना ती वाचून दाखवायला लागले. तिथं नुसती जुंपली होती. एक बाजू म्हणत होती, सगळ्यात समंजस बाईला मारलं, आता बघायचं काय? दुसरी बाजू म्हणत होती, रडूबाई गेली ते बरं झालं, आता कुठं मजा येईल. अभिनेत्रीनंच मालिका सोडली असं कुणी खात्रीनं सांगत होतं, तर कुणी म्हणत होतं की दर मालिकेत वहिनी, नणंद, पहिली बायको ह्यांनाच का मारता, हिरोला एकदा मारून दाखवा.

आत्या मेथी निवडत ऐकत होत्या. जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "माझं बी लिही."

"काय लिहू?"

"लिही. ती मेली तवा तिच्या माहेरचं कुणी आलं का? आई न्हाय, भाऊ न्हाय. सवाष्ण बाई गेली, तिला माहेरची साडी कुणी नेसवली? का ती आभाळातनं पडली हुती?"

मी ते जरा नीट भाषेत लिहू लागले तर त्यांनी हटकलं. "मी बोलले तसंच लिही."

तसंच लिहिलं. सकाळपर्यंत शेकडो लोकांना ते आवडलं होतं. नाव माझं असल्यानं सगळे मलाच आज्जी म्हणू लागले. 'आज्जी, बरोबर बोललात.' 'आज्जी, लेखकाला तुमचा नंबर द्या.' आत्यांना मोठी गंमत वाटली. मग रोज संध्याकाळी मी कामावरून आले, चहा झाला, की आमचा हाच उद्योग. त्या बोलायच्या, मी लिहायची. कुणी उलट बोललं तर त्या पदर खोचून उत्तर सांगायच्या.

एका संध्याकाळी कुणा मुलीचं उत्तर आलं. मनात न वाचता मी ते थेट मोठ्यानं वाचलं: 'आज्जी, ती मेली नसती तर पुढची गोष्ट सुरूच झाली नसती. कुणाला तरी जावंच लागतं.'

मी आत्यांच्या उत्तराची वाट बघत राहिले. त्यांनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "खरं हाय की तिचं. माझी बी तशीच सुरू झाली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय वाचलं ते.

आत्या सासऱ्यांची दुसरी बायको. पहिली दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मागं राहिलं ते अजून नीट चालताही न येणारं पोरगं, म्हणजे माझा नवरा. आत्यांनी त्याला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. हे मला लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं आणि त्यानंतर घरात कुणी त्याविषयी बोललं नव्हतं. आत्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा लहानसा टाक असतो. पहिलीच्या नावानं दुसरीनं तो घालायचा असतो. सणाला नवी साडी आली की त्या आधी तो टाक साडीच्या घडीला लावतात आणि मगच साडी नेसतात. एवढीच त्या बाईची घरातली जागा.

"माझ्या सासूबाई उठता बसता तिचंच सांगायच्या," आत्या म्हणाल्या. "ती लई गुणाची. ती कदी उलट बोलली न्हाय. तिच्या भाकरीला कदी चीर गेली न्हाय. मी ऐकून घ्यायची. पण ती कोन हुती, कशी हुती, मला म्हाईतच न्हाय बग. तिच्या माहेरचा माणूस आमच्या उंबऱ्याला कदी आला न्हाय. तुझ्या मामांनी येऊच दिला न्हाय."

मामा म्हणजे माझे सासरे. पोरगं आजोळाकडं ओढ घेईल म्हणून त्यांनी त्या घराशी संबंधच ठेवला नव्हता.

"तिचं माहेर कुठलं?"

"नातेपुतं. एक भन हाय म्हणं अजून." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला न्हेशील का?"

नवऱ्याला सांगितलं तर तो बूट काढता काढता थांबला. "आता कशाला उकरून काढायचं?" म्हणाला. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तू नगो येऊ. आमी दोगी जातो."

रविवारी आम्ही एसटीनं निघालो. वेळापूर, माळशिरस मागं पडलं तसतशा आत्या अस्वस्थ होत गेल्या. नातेपुत्यात उतरल्यावर बाजारातून एक साडी घेतली, नारळ घेतला आणि विचारत विचारत घर गाठलं. दारात एक उंच, हाडापेरानं मजबूत म्हातारी शेंगा फोडत बसली होती. कोण आलंय ते मी सांगितलं. तिनं आत्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर टाकावर थांबली.

"लई उशीर केला," ती म्हणाली. "या आत."

पाणी झालं, चहा झाला. मग आत्या म्हणाल्या, "ताई, तुमची भन कशी हुती ते ऐकायला आले."

"म्हंजे?"

"आमच्यात सांगायचे, लई गुणाची हुती."

म्हातारी हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला. "कोन, आमची? गुणाची? अवो, तिला भाकरी येत न्हवती. आईनं कान पिळला तरी येत न्हवती. सासरहून दोनदा पळून आलीया. एकदा तर उसाच्या गाडीत बसून. सासूला म्हणाली हुती, तुमची भाकर तुमीच थापा."

आत्या तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडं बघत होते. ज्या बाईच्या भाकरीपुढं त्यांची भाकरी आयुष्यभर कमी पडली होती, तिला भाकरीच येत नव्हती.

"आन शिट्टी वाजवायची," म्हातारी पुढं म्हणाली. "गड्यावानी. रानात ह्या टोकाला वाजवली की त्या टोकाला ऐकू जायची. चिंचेसाटी मारामारी करायची. माझा हात चावलाय तिनं."

तिनं हात पुढं केला. तिथं काहीच दिसत नव्हतं. तरी आत्यांनी तो हात हातात घेतला आणि सोडला नाही.

मग हसणं थांबलं. म्हातारी म्हणाली, "दुसऱ्यांदा आली तवा आईनंच परत धाडली. पोटुशी हुती. जायचं न्हवतं तिला. आमी साडी घिऊन पोचलो तवर चिता पेटवली हुती. वाट बघितली न्हाय त्यांनी. साडी तशीच माघारी आणली."

आत्या रडल्या. मी त्यांना सासऱ्यांच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. "मला कुणी सांगितलंच न्हाय वो," एवढंच त्या म्हणत राहिल्या. म्हातारी म्हणाली, "तुमचा काय दोष? तुमी तर मागनं आला." आणि जरा वेळानं, कडक आवाजात, "पोरगं का न्हाय आलं?"

आत्यांनी पिशवीतून साडी आणि नारळ काढून तिच्यापुढं ठेवला.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीबाहेर बघत होत्या. पंढरपूर सोडल्यावर म्हणाल्या, "इतकी वर्सं मी तिला भीत हुते. ती तर माझ्यापरास धाडसी निगाली. असती तर माझं आन तिचं जमलं असतं बग." मग स्वतःच म्हणाल्या, "असती तर मी कशाला आले असते म्हना."

त्या वाक्यावर मी अजून विचार करते. मालिकेवर भांडणारे लोक सहज म्हणतात की ती कथेची गरज होती. पण गरज कुणाची, हे त्या मेलेल्या बाईला कुणी विचारत नाही, आणि जिच्यासाठी जागा रिकामी होते तिलाही विचारत नाही. दोघी एकाच घरात येतात, एकमेकींना कधी भेटत नाहीत.

घरी आल्यावर नवऱ्यानं काही विचारलं नाही. दोन दिवसांनी ताटावर बसल्यावर म्हणाला, "मावशी दिसायला कशी आहे?"

"उंच," आत्या म्हणाल्या. "तुझ्यावानी."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो एकटाच नातेपुत्याला गेला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही, आम्हीही विचारलं नाही. येताना मात्र पोतंभर शेंगा घेऊन आला.

दिवाळीनंतर मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापुरात आल्या आणि आमच्याकडंच राहिल्या. मावशींच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, मांडीला मांडी लावून दोघी सोफ्यावर. मालिका लावायची सवय आत्यांची, पण आता ती ऐकू कुणाला येते? मावशी बहिणीचं सांगत असतात आणि आत्या मध्येच तोडून विचारतात, "मग? मग तिनं काय केलं?"