साडूभाऊंनी घेतलेलं माप

आमच्या साडूंइतका सरळ माणूस उभ्या मराठवाड्यात सापडला नसता. स्वभावानं नव्हे, नजरेनं. गारखेड्यात त्यांचा दातांचा दवाखाना होता. सलग दोन वर्षं पाऊस नव्हता, शहर मात्र चहूकडे फोफावत होतं. लोक पाण्यासाठी टँकरभोवती भांडत, आणि साडूंची तक्रार अशी की टँकर तिरका उभा केलाय. क्रांती चौकात एकदा मला स्कूटर थांबवायला लावून, दुकानावर पाटी ठोकणाऱ्याला ते खालून ओरडले, "डावीकडं एक सूत उचला!" त्यानं उचलली. मग उजवीकडं. तो माणूस शिडी सोडून निघून गेला तेव्हाच आम्ही हललो. आमच्याकडं जेवायला आले की आधी भिंतीवरचे फोटो सरळ करीत, मग मेहुणीची, म्हणजे माझ्या बायकोची, विचारपूस.

अशा माणसाकडं लासूर स्टेशनच्या एक काकू आल्या. आडत दुकान चालवणाऱ्या, आवाज खणखणीत. साडूंनी त्यांच्या जबड्यात पडलेल्या दाताच्या जागी स्क्रू बसवला, हाड धरेपर्यंत काही महिने थांबले, मग माप घेऊन लॅबकडून जबड्याचा प्लास्टरचा साचा आणि त्यावर दाताची टोपी करून आणली. टोपी बसेना. शेजारच्या दाताला अडायची आणि वर राहायची.

"लई उंच झालाय. जरा घासून द्या की," काकू म्हणाल्या.

"घासणार नाही. लॅबवाल्यांनी वाकडी केलीय."

साडूंनी फोनवर लॅबवाल्याला झाडलं. दुसरी टोपी आली, तीही वर. तिसरी टोपी आली त्या दिवशी मी तिथंच होतो; तीही वर राहिली. साडू फोनकडं हात नेणार, तोच काकूंनी विचारलं, "डाक्टर, ही टोपी त्या साच्यावर नीट बसती का?"

साडूंनी बसवून पाहिली. चपखल बसली.

"मंग साचा ज्या मापावरून केला, ते माप कुणी घेतलं व्हतं?"

स्क्रूवर मापाची खुंटी लावताना मध्ये हिरडी आली असावी, खुंटी तिरकी राहिली असावी, आणि स्वतःच्या नजरेच्या भरवशावर साडूंनी ती तपासायला एक्स-रे काढलाच नव्हता. पार खजील झाले बिचारे. मग त्यांनी हात जोडले. "काकू, चूक माझी. तीन खेपा फुकट घालायला लावल्या तुम्हाला."

"असू द्या. घ्या आता नीट."

या वेळी त्यांनी एक्स-रे काढून मगच माप घेतलं. चौथी टोपी पहिल्या दाबात बसली. काकूंनी पिशवीतली ज्वारीची भाकरी तिथंच काढली, कडेचा कडक तुकडा मोडून चावला, आणि मान डोलावली.

त्या गेल्यावर साडूंनी लॅबला फोन लावला. "तुमचं काम चोख होतं. वाकडा मी होतो."

आता साडू नाहीत. लोक त्यांच्या अचूक हाताबद्दल सांगतात. मला आठवतात ते रिसीव्हर कानाशी धरून, पलीकडचा माणूस काहीतरी बोलेल म्हणून शाळेतल्या पोरासारखे ताटकळत उभे राहिलेले साडू.