सुरंगीपाशी थांबायचं

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगू? बहुतेक वेळा हसण्यासाठी... वसमतला माझा फोटो स्टुडिओ आहे. रोलच्या जमान्यात लोक माझ्याकडे काय काय फोटो घेऊन यायचे — धुरातली बाई, खिडकीतला चेहरा. मी शांतपणे सांगायचो, बाबा, रोलमध्ये उजेड शिरलाय, किंवा एकावर एक दोन फोटो आलेत. माझा असल्या कशावर विश्वास नव्हता, आणि खरं म्हणजे अजूनही नाही. त्यामुळे हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण आईच परवा म्हणाली, "लिही की, त्यात लाजायचं काय?"

गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. माझे वडील आदल्या वर्षी गेले. आमची शेती औंढ्याच्या रस्त्याला, तिथं आई एकटी कशी राहणार म्हणून मी तिला वसमतच्या घरी आणलं. पण तिचं जेवणच तुटलं हो. अर्धी भाकरी ताटात घ्यायची, त्यातलीही निम्मी ठेवायची. संध्याकाळ झाली की मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायची आणि हळू आवाजात स्वतःशीच बोलत राहायची. जवळ गेलं की गप्प. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, शरीरात काही नाही, जरा बाहेर काढा यांना, नवीन काहीतरी दाखवा.

समुद्र दाखवायचा, ही कल्पना माझ्या बायकोची, कल्पनाची. आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता! मार्चअखेर लग्नसराई सुरू होण्याआधी आठवडाभर स्टुडिओ बंद ठेवायचा आणि कोकणातून किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरून यायचं, असं ठरलं. गाडी माझ्या शाळासोबत्याची, शकीलची. त्याची स्वतःची सुमो होती, लग्नाच्या वऱ्हाडात चालवायचा.

आईला विचारलं तर म्हणाली, "मला न्हाई यायचं. तुमी जा."

तरीही आम्ही प्लॅनिंग मुद्दाम तिच्यासमोरच करायचो, निदान कानावर तरी पडेल म्हणून. रविवारी दुपारी शकील यायचा. बैठकीत महाराष्ट्राचा नकाशा पसरायचा. परभणी, बीड, नगर, पुणे... इथपर्यंत भांडण नव्हतं. भांडण घाट उतरल्यावर सुरू व्हायचं. शकीलचं म्हणणं, "हायवे पकड, सीधा गणपतीपुळे. बीच में रोड का भरोसा नहीं." मला हरिहरेश्वर हवं होतं, दापोली हवी होती, समुद्र सोडून एक दिवससुद्धा जायला नको होता. पण मध्ये खाडी येत होती आणि नकाशावर तिथं पूल दिसत नव्हता.

आई कोपऱ्यात गहू निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हायवेनं काहून जाता? खाडीवर नाव हाय की. गाडी बी जाते आता नावेत."

शकील खो खो हसला. "अम्मा, सुमो नाव में?"

"व्हय. बराबर जाते."

दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्याच्या एका ड्रायव्हरला फोन लावला. तिथं नुकतीच जेटी सुरू झाली होती, गाड्या पलीकडे नेणारी... म्हटलं, टीव्हीवर पाहिलं असेल आईनं. कल्पना म्हणाली, आत्या (ती सासूला आत्याच म्हणते) टीव्हीकडे बघतात कुठे?

पुढच्या रविवारी आई आपण होऊनच नकाशाजवळ येऊन बसली. तिला अक्षर ओळखता येत नाही, नकाशाकडं तिनं पाहिलंही नाही. "खाडी उतरलं की चढ लागतो. मंग समुद्र उजव्या हाताला ऱ्हातो. मारुतीच्या देवळापुढं दोन रस्ते फुटतात, खालचा धरायचा. सुरंगीपाशी थांबायचं."

"सुरंगी कोण, आत्या?" कल्पनानं विचारलं.

"थांबल्यावर कळंल. लाल दगडाच्या पायऱ्या हायेत. तिथं जेवायचं."

"तुला कुणी सांगितलं हे?" मी म्हटलं.

"सांगायला कुणी कशाला पायजे? दिसून राहिलं ते सांगून राहिले."

त्या रात्री आईनं पूर्ण भाकरी खाल्ली. कल्पनानं मला डोळ्यानं खुणावलं. मग काय... जेवायला बसलं की आम्ही तिला ट्रिपबद्दलच विचारायचो, आणि बोलता बोलता ती जेवायची. एक दिवस तिनंच जाहीर केलं, "मी येते. तुमाला घर न्हाई गावायचं."

आनंद झाला, पण मनात धाकधूकही होती. आयुष्यात नांदेड-परभणीपलीकडं न गेलेली बाई कोकणातलं घर सांगतेय. तिथं पोचलो आणि काहीच सापडलं नाही तर? जेमतेम सावरलेली आई पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसणार. शकीलनं आणि मी गुपचूप ठरवलं, हरिहरेश्वर झालं की आईला सांगायचं, पुढचा रस्ता बंद आहे, आणि हायवेला लागायचं.

हरिहरेश्वरला समुद्र दिसला तेव्हा आम्ही तिघं लहान पोरांसारखे ओरडलो. शकील तर पँट भिजवून बसला. आई मात्र घोटाभर पाण्यात उभी राहिली, शेतावर उभी राहते तशी. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "ओहोटी लागली."

आमच्या वसमतला ओहोटी हा शब्द कोण बोलतं, सांगा!

सकाळी निघताना मी ती रस्ता बंद असल्याची थाप मारायला तोंड उघडलं, पण कल्पनानं माझा हात दाबला. "नको. त्या किती आवरून बसल्यात बघा." आई नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, पुढच्या सीटवर बसली होती. मी थाप गिळली आणि मागं जाऊन बसलो. शकीलनं गाडी खाडीकडं वळवली.

सुमो जेटीवर चढली, पलीकडं उतरली. चढ लागला. उजव्या हाताला समुद्र. मारुतीचं देऊळ आलं, पुढं दोन रस्ते फुटत होते... खालच्या रस्त्यानं थोडं गेलो आणि असा काही सुवास आला की शकीलनं आपोआपच ब्रेक दाबला. भलं मोठं झाड, फांद्याफांद्यांना चिकटून पिवळसर पांढरी फुलं. खाली एक मुलगी फुलं वेचत होती. मी काच खाली करून विचारलं, "हे कसलं झाड गं?"

"सुरंगी," ती म्हणाली.

सुरंगी म्हणजे कुणीतरी बाई असेल असं आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो.

झाडामागं लाल दगडाच्या पायऱ्या होत्या. वर अंगणात आईच्याच वयाची एक बाई नारळ सोलत बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही, दचकली नाही. आईला म्हणाली, "जेवायला लागलीस ना गो आता?"

"लागले," आई म्हणाली, आणि बाजारातून घरी आल्यासारखी तिच्याशेजारी बसली.

शकील माझ्या कानाशी कुजबुजला, "नंबरप्लेट देखी होगी." मलाही तेच म्हणायचं होतं. पण एमएच अडतीस वाचून हिंगोली कळेल. कोण जेवत नव्हतं, ते कसं कळेल?

त्यांचं नाव मालतीकाकू. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बोटीवर कामाला. दापोलीपलीकडं त्या कधी गेल्याच नव्हत्या. आईचं माहेर कळमनुरीजवळचं. नातं नाही, ओळख नाही, आमचं कुणी कधी त्या बाजूला गेलेलं नाही. मी खोदून खोदून विचारलं.

जेवायला भात, कुळथाचं पिठलं, नारळाची चटणी. वाढता वाढता काकू कल्पनाला म्हणाल्या, "तुमच्या मागल्या दाराची पायरी फुटली आहे ना, ती नीट करून घ्या. हिला बसताना रुतते."

कल्पनाचा घास हातातच राहिला. पायरी खरंच फुटलेली होती. आमचंच लक्ष नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं, काकू?" मी विचारलं.

"संध्याकाळी बसलं की कळायचं. ती तिकडे बोलायची, मी इकडे." हे त्या अगदी सहज बोलल्या. "भात घ्या अजून, लाजू नका."

आई पुढं आलीच नाही. "तुमी फिरून या, मी हितंच ऱ्हाते." आम्ही गुहागर केलं, गणपतीपुळे केलं, आणि गंमत म्हणजे मजेत केलं. काळजीच वाटली नाही. परत आलो तर दोघी अंगणात बसलेल्या. मला वाटलं, काहीतरी गूढ बोलणं चाललं असेल. जवळ जाऊन ऐकलं, तर लोणच्यात हळद आधी घालायची की नंतर, यावर वाद चालला होता.

सुरंगीखाली मी त्यांचा फोटो काढला. घरी आल्यावर नीट तपासलासुद्धा! काहीही विचित्र नाही. दोन बायका, त्यातल्या एकीचे डोळे मिटलेले.

आई त्यानंतर सावरली. पुन्हा शेतावर जायला लागली, हळद शिजवायच्या दिवसांत बायकांवर ओरडायलाही लागली. अजून खणखणीत आहे. मी काकूंचा नंबर आणला होता. आईनं तो एकदाही लावायला सांगितला नाही, त्यांचाही कधी फोन आला नाही. याचं काय स्पष्टीकरण द्यायचं? मानसोपचारवाल्या एका मित्राला विचारलं, तो म्हणाला योगायोग. शकील म्हणतो, ऊपरवाले का काम. मी दोन्ही ऐकून घेतो. दोन्ही पटत नाहीत.

एक सांगायचं राहिलंच. निघताना मला फार भरून आलं होतं. कोकण कुठं, वसमत कुठं... मी गाडीपाशी उभा राहून म्हटलं, "काकू, आता तुम्ही दोघी पुन्हा कधी भेटणार?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी मी आणि कल्पनाही हसायला लागलो — कशाला ते न कळता.